बुडालेल्या गावांचा सेनापती

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या घरी पणत्या लावण्याचा मान आजीचा असे. अंगणात, तुळशीपाशी, गोठ्याच्या दारात, धानाच्या ढोलीजवळ अशा पणत्या मांडून झाल्या, की ती एक पणती पदराआड धरून परसात जायची आणि कुंपणाच्या दगडावर दक्षिणेकडे तोंड करून ठेवून यायची. शेजारच्या बाया हसत. यमाचा दिवा तर धनत्रयोदशीला लावतात, आज कशाला? आजी उत्तर द्यायची नाही. एकदाच मी फार हट्ट केला, तेव्हा म्हणाली, "तो यमाचा नोहे रे. तो आपल्या गावाचा आहे."

दक्षिणेला आमचा जुना गाव होता. आता तेथे पाणी आहे.

आमचा गोंदिया जिल्हा १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झाला. पण झाडीपट्टी म्हणून त्याची ओळख फार जुनी. धान आणि तलाव ही आमची दोन दैवते. पाण्याचे वावडे असणारा माणूस या मुलखात सापडायचा नाही. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळीने बांधला, असे आमच्याकडे परंपरेने सांगतात आणि त्याच्या कथा अजून मंडईच्या रात्री ऐकायला मिळतात. तेव्हा पाणी अडवणे वाईट, असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण आमच्या जुन्या तलावांचे पाणी ज्याच्या गावात अडे, त्याच्याच बांधीत उतरे. आजीचा गाव ज्या पाण्यात गेला, ते पाणी दुसऱ्याच्या बांधीत गेले. फरक एवढाच, पण तो फरक समजायला मला माझ्या वयाची चाळिशी आणि एका सेनापतीची कथा लागली.

ही कथा झाडीपट्टीची नाही, पुण्याच्या पश्चिमेकडच्या मावळाची आहे. मी इतिहासाचा पंडित नव्हे. दहावी, म्हणजे माझ्या आजाच्या भाषेत मॅट्रिक, एवढेच माझे शिक्षण. लहान शाळेत मुलांना शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. पण काही इतिहास असा असतो, की तो वाचताना आपल्याच घरातले कोणी बोलते आहे असे वाटते. मुळशीचा सत्याग्रह माझ्या बाबतीत तसा निघाला.

पहिले महायुद्ध संपले, तेव्हा मुंबईच्या गिरण्यांना विजेची भूक लागली होती. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस अफाट पडतो. तो धरणात साठवून बोगद्यांतून पश्चिमेच्या कड्याखाली सोडला, तर त्या उंचीच्या जोरावर वीज होते. लोणावळ्याच्या बाजूला टाटांच्या कंपनीने हे करून दाखवले होते. आता पाळी होती मुळशी पेट्याची. तेथे नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाशी भिंत घालायची, पूर्वेला वाहणारे पाणी मागे फिरवायचे आणि घाटाखाली भिऱ्याला नेऊन वीज करायची, अशी योजना होती. बुद्धीची झेप म्हणून पाहिले, तर कोणीही मान डोलवावी. फक्त त्या खोऱ्यात पन्नासच्या आसपास गावे होती आणि त्यांत हजारो माणसे राहत होती. आंबेमोहोर पिकवणारी भातखाचरे होती. ज्यांच्या पूर्वजांनी शिवाजी महाराजांच्या पाठीशी तलवार धरली, त्या मावळ्यांची ती वंशपरंपरेची माती होती.

त्यांना कोणी विचारले नाही. रीतसर नोटीस मिळण्याच्या आधीच शेतांत चाचणीचे चर खणले जाऊ लागले. ज्याच्या शेतात कुदळ पडली, त्या एका कुळाने हरकत घेतली, तेव्हा कंपनीच्या गोऱ्या इंजिनिअरने त्याच्यावर पिस्तूल रोखले. ही एक गोष्ट खोरेभर पसरली आणि मावळ जागे झाले.

सरकारचा कायदा कंपनीच्या बाजूचा होता. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने सार्वजनिक कामासाठी आणि सरकारने मान्यता दिलेल्या कंपनीसाठीही जमीन सक्तीने घेता येत असे. त्या कायद्याची गंमत पाहा. 'जमीन किती, भाव किती, पैसे कोणाला' हे सारे प्रश्न त्यात होते. 'देतोस का?' हा एकच प्रश्न नव्हता.

१९२१ च्या रामनवमीला, म्हणजे १६ एप्रिलला, सुमारे बाराशे मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. हातात शस्त्र नाही. 'जान किंवा जमीन' हा त्यांचा मंत्र. काम थांबले. गांधीजींनी 'यंग इंडिया'त या सत्याग्रहाची बाजू घेतली आणि कायदेशीर हक्काच्या जोरावर अडून बसण्यापेक्षा लोकांशी बोलावे, असे टाटांना सुचवले. कंपनीने काही महिने काम थांबवण्याचे कबूल केले. मावळाला वाटले, जिंकलो.

या लढ्याने एका माणसाला नवे नाव दिले. पांडुरंग महादेव बापट, जन्म १२ नोव्हेंबर १८८०, गाव नगर जिल्ह्यातले पारनेर. डेक्कन कॉलेजात शिकलेला हा हुशार मुलगा शिष्यवृत्ती मिळवून एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेला. तेथे राजकीय भाषण केले म्हणून शिष्यवृत्ती गेली; मग पॅरिसला जाऊन बॉम्बची विद्या शिकून तो परत आला. काही वर्षे भूमिगत राहिला, पकडला गेला, सुटला. पारनेरला परतल्यावर हाती खराटा घेऊन त्याने गावचे रस्ते झाडले. यंत्रविद्या शिकायला विलायतेला गेलेला माणूस पुढे एका यंत्रविद्येच्याच प्रचंड कामापुढे छाती काढून उभा राहिला, याची मला मोठी मौज वाटते. त्याला यंत्राचा राग नव्हता. माणसाला न विचारता त्याची माती उचलण्याचा राग होता. मुळशीत लोकांनी त्यांना 'सेनापती' म्हटले आणि ते नाव जन्मभर राहिले. सेना म्हणजे अंगावर धड वस्त्र नसलेले शेतकरी आणि त्यांच्या बायका. पण पदवी खरी ठरली.

बापट एकटे नव्हते. विनायकराव भुस्कुटे गावोगाव हिंडून लोकांना उभे करत होते. या सत्याग्रहाची हकिगत त्यांनी पुढे पुस्तकरूपाने लिहून ठेवली. शंकरराव देवांसारखे तरुण होते. पुण्याची वर्तमानपत्रे होती, सभा होत्या, ठराव होते.

आणि येथेच कथेला कीड लागते. खोऱ्यातल्या कितीतरी जमिनी कागदोपत्री मावळ्यांच्या राहिल्याच नव्हत्या. कर्जापायी त्या सावकारांच्या नावावर गेल्या होत्या आणि मावळे आपल्याच वडिलांच्या शेतात कुळे म्हणून राबत होते. सावकाराला त्या मातीत काय? त्याला भाव हवा. कंपनी भाव द्यायला तयार होती. मग सभेत सत्याग्रहाच्या नावाने टाळी वाजवायची आणि घरी जाऊन मोबदल्याचा हिशेब करायचा, असे चालू झाले. १९२१ च्या डिसेंबरात कामाला पुन्हा सुरुवात झाली, तेव्हा लढणारे आणि घेणारे असे दोन तट पडलेले होते. पुरुष तुरुंगात गेले, बायका गेल्या. भिंत मात्र चढत राहिली.

शेवटी शेवटी बापटांचा धीर सुटला म्हणा किंवा त्यांचा मूळचा स्वभाव वर आला म्हणा. हेतू शुद्ध असेल तर प्रसंगी बळ वापरणेही सत्याग्रहातच बसते, असे त्यांचे मत होते. त्याला ते 'शुद्ध सत्याग्रह' म्हणत. गांधीजींना ते पटणारे नव्हते. १९२४ च्या अखेरीस बापटांनी मोजक्या साथीदारांसह धरणाच्या कामाची रेल्वे रुळांवर दगड रचून अडवली आणि मग पळून न जाता स्वतःला पकडून दिले. सात वर्षांची शिक्षा झाली. ते तुरुंगात असतानाच, १९२७ साली, भिऱ्याच्या विजेने मुंबईचे दिवे उजळले. १९३१ साली ते सुटून आले, तेव्हा ज्या गावांसाठी ते गेले होते ती गावे पाण्याखाली होती.

हार म्हणतात ती हीच.

आता थोडा दूरचा प्रवास करू. ही कथा मी प्रथम वाचली, त्याच सुमारास अमेरिकेतल्या चेरोकी लोकांची हकिगत माझ्या हाती आली आणि मी चक्रावून गेलो. चेरोकी हे अमेरिकेच्या दक्षिणेकडचे मूळ रहिवासी. रानटी म्हणावे तर तसे नव्हेत. सेक्वोया नावाच्या त्यांच्यातल्या एका माणसाने १८२१ च्या सुमारास त्यांच्या भाषेसाठी लिपी तयार केली, १८२८ साली त्यांचे स्वतःचे वर्तमानपत्र निघाले, त्यांची स्वतःची राज्यघटना होती. जॉन रॉस हा १८२८ पासून त्यांचा मुख्य. जॉर्जिया राज्याला त्यांची जमीन हवी होती. त्यात सोने सापडले आणि हाव दुप्पट झाली. १८३० साली अमेरिकेच्या काँग्रेसने त्यांच्यासारख्यांना मिसिसिपी नदीपलीकडे हलवण्याचा कायदा केला.

रॉसने शस्त्र उचलले नाही. तो वॉशिंग्टनच्या वाऱ्या करीत राहिला, अर्ज लिहीत राहिला. १८३२ साली चेरोकींच्या मुलखात जॉर्जियाचे कायदे चालणार नाहीत, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. पण निकाल कागदावरच राहिला. मग त्यांच्यातही दोन तट पडले. मेजर रिज आणि त्याचा मुलगा जॉन रिज यांना वाटले, जमीन तर जाणारच; मग वेळीच सही करून पदरात पडेल ते घ्यावे. २९ डिसेंबर १८३५ रोजी या मोजक्या मंडळींनी न्यू इचोटा येथे करारावर सह्या केल्या. रॉसने त्याविरुद्ध पंधरा हजारांवर लोकांची नावे असलेला अर्ज पाठवला. तरी सिनेटने करार मंजूर केलाच, तोही आवश्यक मतांपेक्षा एकच मत जास्त पडून.

१८३८ साली सैनिक आले. सुमारे सोळा हजार माणसे घरांतून काढून छावण्यांत कोंडली गेली आणि पश्चिमेला चालवली गेली. त्यांतली सुमारे चार हजार मेली. त्या वाटेला 'अश्रूंची वाट' असे नाव पडले. रॉसची बायकोही त्याच प्रवासात वारली. नव्या मुलखात पोचल्यावर, १८३९ च्या जूनमध्ये, करारावर सही करणाऱ्या रिज बापलेकांना त्यांच्याच लोकांनी ठार मारले. रॉस मात्र १८६६ साली मरेपर्यंत मुख्य राहिला. त्याने फाटलेले राष्ट्र पुन्हा शिवले, शाळा काढल्या. चेरोकी राष्ट्र आजही ओक्लाहोमात टालेक्वा या राजधानीतून आपला कारभार पाहते.

रॉसची कथा वाचताना सारे जग रॉसकडे पाहते. मी रिजकडे पाहत बसलो. त्याला कारण आहे.

आमच्या जुन्या गावात सर्वांत आधी सही करणारा माणूस माझा आजा होता.

आमच्या गावावर मोजणीची साखळी आली, तेव्हा लोकांनी ठरवले होते, की कोणी कागदाला हात लावायचा नाही. आजा चार बुके शिकलेला. तो म्हणाला, "पाणी येणारच आहे. आधी घेईल तो आधी जमीन बघेल." त्याने पैसे घेतले आणि आज आम्ही राहतो तेथे तीन एकर मुरमाड जमीन घेतली. बाकीचे दोन पावसाळे अडून राहिले. त्यांना जास्त काही मिळाले नाही. हिशेबाने पाहिले तर आजाच बरोबर ठरला. पण पुढे मंडईत जुन्या गावची माणसे एका रांगेत बसून दंडार पाहायची, त्या रांगेत आजा कधी बसला नाही. त्याला कोणी उठवले नव्हते. तोच बसला नाही. आणि आजी त्याच्याशी जन्मभर संसार करूनही त्या एका गोष्टीवर कधी बोलली नाही. ती फक्त पणती लावत राहिली.

मुलगा म्हणून मी आजाच्या बाजूचा होतो. शहाणा माणूस, असे मला वाटे. मुळशीची कथा वाचल्यावर काही दिवस मी त्याच्या विरुद्ध झालो. मनात त्याला सावकारांच्या रांगेत नेऊन बसवले. दोन्ही वेळा मी चुकलो होतो. सावकाराने दुसऱ्याच्या कसणुकीची जमीन विकली. माझ्या आजाने स्वतःची दिली आणि देऊन झुरला. तो वारला, तेव्हा त्याच्या पेटीत जुन्या बांध्यांचा सातबारा घडी करून ठेवलेला निघाला. पाण्याखालच्या जमिनीचा सातबारा कोण जपून ठेवतो? आजीने तो पाहिला, कपाळाला लावला आणि म्हणाली, "याले तरी कोनं इचारलं होतं?"

त्या एका वाक्यात मला मुळशीचा सारा अर्थ सापडला. सही करणारा आणि न करणारा, रिज आणि रॉस, आजा आणि त्याच्याशी अबोला धरणारा गाव, या साऱ्यांना 'भाव काय घेतोस?' एवढेच विचारले गेले. 'देतोस का?' असे कोणीच विचारले नाही. मग घरातलेच दोन तट एकमेकांची उणीदुणी काढत बसले आणि विचारायला हवे होते ते निवांत राहिले.

मध्यंतरी मी वर्गात सेनापतींची गोष्ट सांगत होतो. माझ्या वर्गात एक मुलगी आहे. जंगलातून उठवून वसवलेल्या एका वस्तीतली. गोष्ट संपल्यावर तिने हात वर केला. "गुरुजी, गाव बुडनारच होता, तं ते बसले काहाले?"

मी कादंबरीकार, शब्दांचा धंदा करणारा. पण त्या क्षणी शब्द सापडेनात. घंटा वाजली आणि मी सुटलो. दुसऱ्या दिवशी मात्र मी तिला उत्तर दिले. ते येथे लिहितो, कारण ते माझ्यासाठीही आहे.

ते बसले, म्हणून आज आपल्याला माहीत आहे की तेथे गाव होता. जगात धरणे पुष्कळ झाली आणि गावेही पुष्कळ बुडाली. पण धरणाविरुद्ध लोक उभे राहिल्याच्या इतिहासात मुळशीचे नाव आधी घ्यावे लागते. अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी तर त्याला जगातले पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे. मुळशीनंतरही गावे बुडत राहिली. माझ्या आजीचा गाव त्यातलाच. पण प्रश्न मेला नाही. १९७६ साली महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलातल्या ग्रामसभेला तोंड दिले. आणि ज्या १८९४ च्या कायद्यापुढे मावळे हरले, तो कायदा २०१३ च्या नव्या कायद्याने मोडीत निघाला. नव्या कायद्याप्रमाणे खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची झाली, तर बाधित कुटुंबांपैकी शेकडा ८० जणांची आगाऊ संमती लागते. कायद्याला पळवाटा असतात आणि कागदावरच्या संमतीत काय काय होते, हे खेड्यात राहणाऱ्याला सांगायला नको. तरीपण ज्या कायद्यात 'देतोस का?' हा शब्दच नव्हता, तेथे तो आला. एका सेनापतीच्या रामनवमीने हे सारे झाले, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. त्यापाठी पुढच्या अनेक पिढ्यांचे लढे आहेत. पण पहिल्यांदा कोणीतरी बसावे लागते, तेव्हा पुढच्यांना बसायला जागा होते.

सेनापती बापट हार मानून घरी बसले नाहीत. पुढेही ते लढले, तुरुंगात गेले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात स्वतंत्र भारताचा झेंडा फडकवण्याचा मान त्यांना मिळाला. गोव्याच्या आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत हा म्हातारा पुढे होता. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांचे देहावसान झाले. मुंबईत आणि पुण्यात त्यांच्या नावाचे मोठे रस्ते आहेत. त्या रस्त्यांवर दिवाळीत जो झगमगाट होतो, त्यात मुळशीच्या पाण्याचाही थोडा उजेड असेल. मी त्या उजेडाचा द्वेष करीत नाही. माझ्याही घरात बटन दाबले की दिवा लागतो आणि माझ्या मुलांनी त्याखाली अभ्यास करावा, असे मला वाटते. फक्त तो उजेड कोणाच्या अंगणातून आला, एवढे त्यांना ठाऊक असावे.

आजी जाऊन आता बरीच वर्षे झाली. लक्ष्मीपूजनाला परसातली ती पणती आता मी लावतो. गेल्या वर्षी धाकट्याने विचारले, "बाबा, हा कोणाचा दिवा?" मी त्याला गावाचे नाव सांगितले. त्याने ते दोनदा म्हणून पाहिले. मग आत जाऊन आणखी एक पणती घेऊन आला आणि म्हणाला, "ही आजाची."

दोन्ही पणत्या शेजारी शेजारी ठेवल्या. वारा नव्हता, बराच वेळ जळत होत्या.